दुसरीतल्या मुलीचा फिटनेस रिपोर्ट आलाय, क्लास लावू का नुसतं खेळू देऊ?

सहकारनगरची_आई

नमस्कार मंडळी, मुलगी दुसरीत आहे, सात पूर्ण. शाळेत ते सरकारच्या खेलो इंडिया योजनेचं फिटनेस असेसमेंट झालं त्याचा रिपोर्ट परवा घरी आला. उंची, वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सगळं नॉर्मल, प्लेट टॅपिंग (हाताच्या चपळाईची टेस्ट) ठीक, आणि फ्लेमिंगो बॅलन्स म्हणून काहीतरी आहे त्यात १२ वेळा पडली, समोर लाल अक्षरात 'सुधारणा आवश्यक'. पोरगी लाल शेरा बघून रडली आणि घरात दोन दिवस तेवढाच विषय चाललाय. नवऱ्याचं म्हणणं लगेच बॅडमिंटन अ‍ॅकॅडमी लावू, त्याने फी वगैरे विचारून पण झाली. सासूबाई म्हणतात पोर काडी झालीय, आधी पोटात काहीतरी जाऊ दे मग खेळाचं बघा. जाऊबाईंचा मुलगा स्केटिंग, फुटबॉल, स्विमिंग तिन्हीला जातो हे मला दर फोनला ऐकवलं जातं.

दिवस असा आहे की शाळा आता नऊनंतर भरते खरी पण व्हॅन आठलाच येते कारण तिची तीन शाळांची मुलं असतात, परत यायला चार, मग अबॅकस, दोन दिवस चित्रकला, आणि खाली खेळायला जाईपर्यंत साडेसहा. खाली म्हणजे पार्किंगच. 'बॉल खेळण्यास सक्त मनाई. काच फुटल्यास पालकांकडून भरपाई घेतली जाईल.' असा बोर्ड आहे. मागच्या रविवारी पर्वतीच्या टेकडीवर नेलं तर अर्ध्या पायऱ्यांनंतर आई उचलून घे.

तर नक्की किती खेळलं म्हणजे पुरेसं, क्लास लावायचा तर कुठला, आणि ते फ्लेमिंगो प्रकरण खरंच काळजी करण्यासारखं आहे का? अनुभवी लोकांनी सांगा, जाहिराती नकोत प्लीज.

शनिवारपेठी

अबॅकस बंद करा. प्रश्न संपला.

सहकारनगरची_आई

@शनिवारपेठी अहो लेव्हल परीक्षा आहे पुढच्या महिन्यात, फी भरलीय :(

शनिवारपेठी

मग पुढच्या महिन्यात बंद करा.

शिट्टीवाले_सर

मी एका मराठी शाळेत पीटी शिक्षक आहे, बरीच वर्षं झाली, ही टेस्ट मी स्वतः घेतो म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी फ्लेमिंगो म्हणजे काय ते सांगतो कारण रिपोर्टवर कोणी लिहीत नाही. एक लाकडी पट्टी असते, साधारण ५० सेंमी लांब, ५ सेंमी उंच आणि रुंदी फक्त ३ सेंमी. म्हणजे तुमच्या अंगठ्यापेक्षा जरा जास्त. त्यावर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय गुडघ्यात मागे दुमडून हाताने धरायचा, आणि ६० सेकंदांत किती वेळा तोल गेला ते मोजायचं. प्रत्येक वेळी पडलं की घड्याळ थांबवायचं, परत चढलं की चालू. पहिल्या ३० सेकंदांत १५ पेक्षा जास्त वेळा पडलं तर टेस्ट तिथेच थांबते आणि शून्य. आता तुम्ही स्वतः उंबऱ्यावर एका पायावर उभ्या राहून बघा किती वेळ टिकताय. मिस्टरांना पण उभं करा.

बरं हे शाळेत होतं कसं, एका तासात एक अख्खा वर्ग, पट्ट्या दोन, बाकीची पोरं रांगेत उभी राहून हसवतायत, मोजे घसरतायत, निम्म्यांना कुठला पाय धरायचा तेच कळलेलं नसतं. पहिल्यांदाच त्या पट्टीवर चढलेलं सात वर्षांचं पोर बारा वेळा पडलं तर मला त्यात काहीच नवल वाटत नाही. वर्षभराने परत घेतली आणि आकडा कमी झाला तर उपयोग, नुसत्या एका आकड्यावर लाल शेरा मारणं मला पटत नाही. पाच ते आठ वयाला या टेस्टच्या संचात फक्त तीनच गोष्टी आहेत, बीएमआय, फ्लेमिंगो आणि प्लेट टॅपिंग. धावणं वगैरे नाहीच. ५० मीटर, ६०० मीटर, सिट अँड रीच, कर्लअप, पुशअप हे सगळं नऊच्या पुढे. म्हणजे या वयात सरकारला पण स्टॅमिना मोजायचा नाहीये, तोल आणि हाताची चपळाई एवढंच बघायचंय.

तोल सुधारायचाय ना, लंगडी खेळवा. हसू नका. डाव्या पायावर पण घाला, मुलं कायम सोयीच्याच पायाने घालतात. खो-खो आला तर उत्तमच, खुंटावर वळताना अंग कसं सावरायचं ते आपोआप येतं, आणि पाटीवर बसलेलं पोर खो मिळाला की उकिडव्या बसणीतून झटक्यात उठून पळतं, ते शंभर स्क्वॅट मारायला सांगून होणार नाही. त्या खेळाचे नियम पहिल्यांदा आपल्याच डेक्कन जिमखान्यावर बसवले १९१४ साली, आणि जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्डकप झाला तो पुरुष-महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्रातले. तरी पालक मला विचारतात सर खो-खोला स्कोप आहे का. दुसरीतल्या पोराला कसला स्कोप बघताय.

अ‍ॅकॅडमीबद्दल एकच सांगतो. फी भरायच्या आधी एक पूर्ण तास कट्ट्यावर बसून बघा, आणि सगळी मुलं नाही, एकच मूल बघत बसा. ते किती वेळ हलतंय आणि किती वेळ रांगेत पाळी यायची वाट बघतंय. वीस मुलं, एक कोच, एक नेट असेल तर तासातली दहा-बारा मिनिटं खरी हालचाल होते. बाकी युनिफॉर्म.

बाणेर_बाबा

सरांचं सगळं मान्य पण मला जरा वेगळं म्हणायचंय. लंगडी खो-खो सगळं बरोबर हो, पण कोणाबरोबर? आमच्या इकडे बावीस मजली टॉवर, खाली चकाचक गार्डन, घसरगुंडी, रबरी फ्लोरिंग, सगळं आहे आणि संध्याकाळी सहाला तिथे एक मूल नसतं. सगळी क्लासला. माझा मुलगा खाली जाऊन झोक्यावर एकटा बसून वर यायचा, म्हणून शेवटी फुटबॉल लावला. तो काही मेस्सी होणार नाहीये, पण तिथे पंधरा मुलं ठरलेल्या वेळेला येतात, त्याचे मित्र झालेत, क्लासच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास ती पोरं नुसती एकमेकांच्या मागे धावत असतात. मी फी त्या आधीच्या-नंतरच्या अर्ध्या तासाची भरतो असं समजा. तेव्हा क्लास म्हणजे वाईटच असं नको. शहरच असं करून ठेवलंय तर करणार काय.

शनिवारपेठी

@बाणेर_बाबा रबरी फ्लोरिंगवर एकटं पोर. बाणेर एका ओळीत.

बाणेर_बाबा

पेठेत पार्किंग पण नाही हो खेळायला, बोलू नका.

फिजिओ_ताई

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. इथे कोणाला तपासत नाहीये, जनरल सांगते.

किती खेळायचं याचं सरळ उत्तर आहे. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोरदार व्यायाम आणि हाडं-स्नायू मजबूत करणारं काहीतरी. मध्यम म्हणजे मूल गप्पा मारू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, जोरदार म्हणजे चार शब्दांनंतर धाप. आणि हे सलग ६० मिनिटं नसतं! मुलं मोठ्यांसारखी एका लयीत पळत नाहीत, सुसाट धावणार, थांबणार, मातीत काहीतरी बघणार, परत सुसाट. शाळेच्या मधल्या सुट्टीतली १५ मिनिटं, खाली अर्धा तास, व्हॅनऐवजी चालत आली तर तेवढं, सगळं धरायचं. हाडं-स्नायू म्हणजे पण वजनं नव्हेत, उड्या, लोंबकळणं, चढणं, दोरीउड्या, झाडावर चढायला मिळालं तर झाड. त्यामुळे पर्वतीच्या १०३ पायऱ्या तिने एका दमात चढाव्यात अशी अपेक्षाच चुकीची आहे, लहान मुलं एकसुरी चढाला कंटाळतात, पाय दमायच्या आधी डोकं दमतं. पायरीवर पळापळीची शर्यत लावा, मग बघा.

आता सासूबाईंचा मुद्दा, आणि तुमचा 'बीएमआय नॉर्मल' हा पण. मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या कोष्टकात बघत नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी यानुसार चार्ट असतो, आपल्याकडे आयएपीचे, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, २०१५ चे चार्ट वापरतात, ते तुमचे पेडिअ‍ॅट्रिशियन दोन मिनिटांत काढून दाखवतील. पण बारीक म्हणजे फिट नाही आणि बारीक म्हणजे अशक्त पण नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो प्रसिद्ध फोटो बघा, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा २२.३, आणि अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के तर आपल्या डॉक्टरांची २१.२. वजनकाट्यावर दोघं सारखेच! आपल्याकडे हा प्रकार जन्मापासूनच असतो, बाळं वजनाने कमी पण त्या मानाने चरबी जास्त, स्नायू कमी, याच्यावर पुण्यातच १९९३ पासून आईच्या पोषणाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यामुळे काडी पोरीला तूप वाढवून प्रश्न सुटत नाही, स्नायू वापरले तरच वाढतात. सासूबाईंना हे असंच्या असं नका सांगू मात्र, 'भूक लागावी म्हणून खेळायला पाठवतेय' म्हणा, ते खरंही आहे.

अजून एक, डोळे. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीतल्या मुलांवर प्रयोग झाला होता, शाळेच्या दिवसात रोज ४० मिनिटांचा एक जास्तीचा तास मैदानावर, बास. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता आणि बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. यात व्यायामापेक्षा बाहेरचा उजेड महत्त्वाचा, त्यामुळे साडेसहानंतरचं पार्किंग डोळ्यांच्या हिशोबात धरू नका, दिवसाउजेडी काहीतरी मिळायला हवं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं तर धावल्यावर दरवेळी खोकला किंवा छातीत शिट्टी वाजते, छातीत दुखतं, चक्कर येते, एकच सांधा सारखा दुखतो किंवा सुजतो, लंगडते, किंवा आधी जमायचं ते आता जमत नाही. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात आणि सकाळी टुणटुणीत असते, तर ते बहुतेक वेळा साधं असतं, चोळून द्या. नुसती फ्लेमिंगोवर पडली म्हणून कोणी माझ्याकडे आणू नका.

धायरीची_प्राजक्ता

मल्लखांबाचं कोणीच कसं नाही काढलं अजून! माझी मुलगी दोरीच्या मल्लखांबाला जाते, शाळेच्याच हॉलमध्ये चालतो वर्ग, फी बॅडमिंटनच्या मानाने काहीच नाही. सुरुवातीला मला वाटलं पोर वरून पडेल, पण पहिले काही महिने ताई वर चढूच देत नाहीत, खाली मॅटवर कोलांट्या, बेडूकउड्या, भिंतीला पाय लावून हातावर उभं राहणं आणि दोरीला नुसतं लोंबकळून किती वेळ टिकता ते. पायाच्या अंगठ्यात दोरी कशी पकडायची हे शिकायलाच कितीतरी दिवस गेले, अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठायचा आणि ती तो अभिमानाने सगळ्यांना दाखवत फिरायची. मुलांचा पुरलेला मल्लखांब बाजूलाच असतो, त्याला एरंडेल लावतात, सगळा हॉल त्याच वासाचा, आणि टीशर्टचे डाग जात नाहीत हे आधीच सांगून ठेवते. पण रांगेचं सर म्हणाले ते इथे लागू होत नाही, एकजण दोरीवर असला तरी बाकीच्यांना खाली सूर्यनमस्कार नाहीतर बैठका चालूच.

तुम्ही सहकारनगरला आहात तर टिळक रोडला महाराष्ट्रीय मंडळ काही लांब नाही, १९२४ पासूनची संस्था आहे, एकदा जाऊन चौकशी करा, लहान मुलांसाठी आत्ता काय काय चालू आहे ते समक्षच कळेल.

बाणेर_बाबा

हे भारी आहे. बाणेरला कुठे असेल तर सांगा ना.

तळजाईचे_आजोबा

एवढी चर्चा चालली आहे आणि तळजाईची टेकडी तुमच्या दारात आहे. मी रोज सकाळी जातो. रविवारी आई-वडील पोरांना घेऊन येतात, पोरगं खड्ड्यात उडी मारतं, दगडावर चढतं, काठी उचलतं, की लगेच 'हात घाण करू नको', 'पडशील', 'सरळ चाल'. टेकडीवर आणायचं आणि फुटपाथसारखं चालवायचं. परवा एक गृहस्थ मुलाचं बोट धरून दुसऱ्या हाताने मोबाईलवर स्टेप्स बघत होते. पडू द्या हो. गुडघा फुटला तर हळद आहे. आमच्या नातवाला आम्ही पायवाट सोडून दगडांवरून नेतो, चप्पल-बूट काढून, त्याच्या आईला माहीत नाही.

फिजिओ_ताई

आजोबा अनवाणी चालणं एकदम मान्य, तळव्याची कमान साधारण सहा-आठ वर्षांपर्यंत तयार होत असते, त्याला उपयोगच होतो. फक्त तळजाईला काचा आणि काटे बघून, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालेलं असू द्या. हळदीवर भागवू नका :)

सहकारनगरची_आई

बापरे केवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. काल रात्री सरांचं वाचून आम्ही तिघंही उंबऱ्यावर उभे राहिलो. नवरा सगळ्यात आधी पडला आणि पोरगी जी काही हसलीय, लाल शेऱ्याचं दुःख तिथेच संपलं. लंगडी पण घालून बघितली, उजव्या पायावर हॉलभर जाते, डाव्या पायावर चार उड्यांत पाय टेकतो. म्हणजे सर म्हणतात तसंच.

बॅडमिंटनचं सरांच्या सांगण्याप्रमाणे मी स्वतः जाऊन बसले. एक मूल धरून बघितलं, निळ्या टीशर्टातला मुलगा. त्याला शटल मारायला मिळाली ती थोडा वेळ, बाकी वेळ रॅकेटच्या जाळीतून दुसऱ्या मुलाकडे बघत बसला होता, एकदा रॅकेट चाटली पण. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणे बरं राहू दे दोन-तीन वर्षं.

आता असं ठरवतेय की अबॅकस परीक्षेनंतर बंद (शनिवारपेठी, खूश?), त्या वेळात दिवसाउजेडी खाली, आणि मंडळात चौकशी करायची. खालच्या विंगमधल्या दोन आयांशी बोलले, पाच-सहा मुलं जमतील असं दिसतंय. अडचण सोसायटीची आहे, सेक्रेटरी काकांनी आत्ताच विचारलं की 'काही स्पर्धा वगैरे भरवताय का?' आणि दुसरं म्हणजे जूनपासून चार महिने पाऊस, तेव्हा काय करायचं? सर, डाव्या पायासाठी रोज किती करून घेऊ ते पण सांगा.

शिट्टीवाले_सर

रोज किती वगैरे नको, 'करून घेऊ' म्हटलं की संपलंच. खेळातच नियम करा की आज सगळ्यांनी डावा पाय. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, बेसिनला धरलं तरी चालेल, वरचे दात एक पाय, खालचे दात दुसरा. एवढंच घरातलं.

पावसाचं म्हणाल तर पार्किंग आहे ना, त्याला छत आहे. बॉलला मनाई आहे, लंगडीला नाही. विषामृत, साखळी, डोंगर का पाणी, खांबोखांबी, यातल्या एकालाही बॉल लागत नाही. खांबोखांबीला तर पार्किंगसारखी जागा नाही, खांब आयते. फक्त खेळायची वेळ गाड्या यायच्या वेळेशी भिडवू नका, साडेपाच ते साडेसहा बघा, वॉचमनला सांगून ठेवा, आणि ओल्या टाइल्सवर लंगडी नको, तिथे घसरून हनुवटी फुटते. दोरीउड्या पण ओल्यावर नकोत. रिमझिम असेल तर बाहेर भिजत खेळू द्या की, विजा नसल्या म्हणजे झालं. आणि एप्रिल-मे मध्ये उलटं, सकाळी नवाच्या आत नाहीतर सहानंतर, मध्ये पाणी प्यायला हाक मारायची, मुलं खेळात असली की तहान सांगत नाहीत.

सेक्रेटरी काकांना पहिल्या दिवशी खांबोखांबीत राज्य द्या.

शनिवारपेठी

अबॅकस बंद झाल्याबद्दल अभिनंदन.

धायरीची_प्राजक्ता

मल्लखांबाला जाणार असाल तर पहिल्या दिवशी फ्रॉक-लेगिंग्ज नको, गुडघ्याच्या वरची साधी शॉर्ट्स लागते, कापड असलं की दोरीवर पकड बसत नाही. नखं कापून न्या. आणि केसांची घट्ट वेणी, मोकळ्या केसांत दोरी अडकते. क्लिपा सगळ्या घरी ठेवा.

सहकारनगरची_आई

@प्राजक्ता हे बरं सांगितलंत, आमच्याकडे क्लिपांचंच दुकान आहे डोक्यावर. शनिवारी जाऊन येते, तिथे काय काय आहे ते इथेच लिहिते. @बाणेर_बाबा तुमच्या बाजूचं कोणाला माहीत आहे का तेही विचारते.